पाणी नितळ होईपर्यंत

त्याला सगळी गल्ली निळ्या म्हणायची. हात कोपरापर्यंत निळे, आणि नखं तर शाईत बुडवून वाळवल्यासारखी. तो रंग साबणानं जात नसे, वाळूनं घासूनही जात नसे. जन्मभर निळीच्या पिंपात हात घालणाऱ्या माणसाचे हात असेच व्हायचे, त्यात नवल नाही. एखादं नवं गिऱ्हाईक त्याच्या हातून कापड घेताना जरा बिचकलं, की तो म्हणे, "घ्या हो बिनधास्त. मी रंग सोडत नाही, माझं कापडही सोडत नाही."

हे बोलणं मुळात त्याच्या ताईचं. ताई त्याच्याहून इतकी मोठी, की आई गेली तेव्हा तिनं त्याला कडेवर घेऊनच रंगाच्या कढया ढवळल्या. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती पुन्हा त्याच पिंपांपाशी येऊन उभी राहिली. तोवर बाप थकला होता. धाकट्या भावाला धंदा शिकवायचं काम तिच्याकडे आलं आणि तिनं ते मायेनं कमी, धाकानं जास्त केलं.

"रंगवायला काय, कुणालाही येतं," ती म्हणायची. "धुता येतं तो रंगारी."

रंगवलेलं कापड हौदात खळबळायचं. पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं, पुन्हा खळबळायचं. पाणी नितळ होईपर्यंत थांबायचं नाही, बोटं गारठून बधिर झाली तरी नाही. पोरवयात तो कंटाळून अर्धवट धुतलेलं कापड दोरीवर टाकायचा. ताई ते कापड दोरीवरून ओढून पुन्हा त्याच्या तोंडापुढच्या हौदात फेकायची. पाणी उडून त्याचा चेहरा लाल व्हायचा, कधी हिरवा. अशा रीतीनं ते त्याच्या हाडात मुरलं: घाण काढायची तर पाणी लागतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं कापड स्वच्छ.

म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

ताईचे पाय सुजू लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. चेहरा फुगला, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, की ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. त्यांचं काम रक्त धुण्याचं. ते आता होत नाही. ठरलेल्या दिवशी येऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागेल. पाणी बेतानं, मीठ जवळजवळ नाहीच.

डॉक्टर बरंच काही बोलले. निळ्याच्या कानात एकच शब्द राहिला: धुणं.

घरी येताना तो मनाशी म्हणत होता, धुण्याचं काम अडलंय होय? मग ते आपल्याइतकं कुणाला कळणार! पाणी बेतानं द्या म्हणतात. बेताच्या पाण्यात कधी कुणी काही धुतलंय? त्यानं तांब्या घासूनपुसून लखलखीत केला आणि ताईच्या उशाशी भरून ठेवला. रिकामा झाला की पुन्हा भरला. ताईला जात नव्हतं. "अरे, पोटात माझ्या काय हौद आहे का?" ती म्हणाली. तो म्हणाला, "पी ग. नितळ होईपर्यंत थांबायचं नाही, तूच शिकवलंस ना?" ताई हसली आणि प्याली. आपलंच शिकवणं आपल्यापुढे तांब्या घेऊन उभं राहिलं, तर नाही कसं म्हणायचं?

पहाटे तिच्या श्वासाचा आवाज ऐकून तो उठला. ओल्या कापडातून फुंकर घालावी तसा आवाज. ती उठून बसली होती, दोन्ही हातांनी खाटेची कड धरून, आणि तिला आडवं होता येत नव्हतं. ओठांवर त्याच्या नखांचा रंग चढला होता.

इस्पितळात तिला घाईनं यंत्रावर घेतलं. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर रागानं म्हणाले, "इतकं पाणी पाजलं कुणी हिला?"

 खाटेवरून, नाकातोंडावरच्या मुखवट्याआडून, ताईचा आवाज आला, "मीच प्याले. माझं मीच. त्याला काय विचारता?"

त्या दिवसापासून त्यानं ताईला हातानं पाणी दिलं नाही. स्वयंपाक करायचा, केस विंचरून द्यायचा, इस्पितळात न्यायचा. पण तिच्या वाट्याचं पाणी भांड्यात मोजून ठेवायचा आणि तिथून निघून जायचा. ताईनं हात पुढे केला, तरी पेला तिच्या हातात न देता जवळपास कुठेतरी टेकवायचा. ताईला ते दिसत होतं.  आपलं एक मूत्रपिंड देतो म्हणून तो डॉक्टरांच्या मागे लागला होता, पण तपासणीत त्याचाच रक्तदाब इतका चढलेला निघाला, की डॉक्टरांनी मान हलवली. तीही वाट बंद झाली. उरला तो आणि त्याचा तो तांब्या.

शेवटी तो जवळच्या शाळेच्या माडीवर जाऊन उभा राहिला. तिथे संध्याकाळी रुग्णसेवेचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींचा वर्ग भरायचा. एक बाई त्यांना शरीराचं शास्त्र शिकवायच्या: पेशी कशी असते, रक्त काय वाहून नेतं, खाल्लेलं अन्न कुठे जातं. निळे हात मागे लपवून तो दारात म्हणाला, "बाई, मला बसू द्याल?"

"परीक्षेला बसणार, काका?"

"नाही. मला फक्त मूत्रपिंड समजून घ्यायचंय. एकाच माणसाचं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं, आणि त्याला पुढच्या बाकावर जागा करून दिली.

शिकणं सोपं गेलं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्याला शब्द लक्षात राहत नसत, आणि राहिले तर भलत्या जागी चिकटत. बाई फळ्यावर पेशीचं चित्र काढायच्या आणि त्याला ते पिंपासारखं दिसायचं. त्या म्हणायच्या, "काका, पिंपाला भोक नसतं. पेशीच्या पडद्यातून येणंजाणं चालू असतं." तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंपच म्हणायचा. तो चुकला नाही असा एकही वर्ग गेला नाही, पण एकही वर्ग त्यानं चुकवला नाही.

मूत्रपिंडाचा धडा आला तेव्हा तो बाकाच्या कडेवर येऊन बसला. बाई म्हणाल्या, "गाळणी म्हणतो आपण त्याला, पण ते अर्धंच खरं. घर साफ करताना तुम्ही काय करता? सगळं सामान आधी अंगणात काढता, मग कामाचं तेवढं आत नेता. मूत्रपिंडही रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण असं पुष्कळसं आधी बाहेर सोडतं. मग हवं ते वेचून परत घेतं. उरतं ते लघवीतून जातं."

निळ्यानं हात वर केला. "बाई, ज्याचं मूत्रपिंड बंद पडलंय, त्याला भरपूर पाणी पाजलं, तर आतली घाण धुऊन निघणार नाही?"

"निघेल कुठून, काका? मोरी तुंबलेली आहे. वरून नळ सोडलात तर पाणी कुठे जाईल?"

वर्गात कुणीतरी म्हणालं, "घरात!"

सगळे हसले. बाईही हसल्या. निळ्या हसला नाही. त्यानं आपले हात बाकाखाली घेतले आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

आता तो पाणी काटेकोर मोजू लागला. एका लहान पेल्याला आतून ओरखडा काढून त्यानं खूण केली. त्या खुणेच्या वर थेंब नाही. तरी ताईची सूज हटेना. इस्पितळाच्या दोन खेपांच्या मध्ये तिचं वजन भलतंच वाढायचं. वजनकाट्याजवळची परिचारिका त्याच्याकडे संशयानं बघायची. घरी ताई दिवसभर तहानेनं कासावीस व्हायची. शेजारच्या इस्त्रीवालीला ते बघवेना. ती दारात उभी राहून म्हणाली, "काय रे हे! दारात तहानलेलं कुत्रं आलं तरी माणूस वाटीभर पाणी ठेवतो. हिनं तुला अंगाखांद्यावर वाढवलं, आणि तू हिला ओरखडे मोजून पाणी देतोस?"

"तू तुझी इस्त्री बघ," ताई आतून म्हणाली. "कुणाचं तरी कापड जळतंय."

इस्त्रीवाली धावत गेली. पण तिचं बोलणं घरातच राहिलं. निळ्याला वाटलं, खरंच, मी हे काय करतोय? आणि बाई म्हणतात त्यात काही चुकलं तर?

त्या आठवड्यात बाईंनी बटाट्याच्या चकत्या आणल्या. काही साध्या पाण्यात टाकल्या, काही मिठाच्या. तास संपेपर्यंत साध्या पाण्यातल्या कडक राहिल्या, मिठातल्या लोळागोळा झाल्या. "पाणी मिठाच्या बाजूला जातं," बाई म्हणाल्या. "शरीरातही तसंच. रक्तात मीठ वाढलं, की पेशींमधलं पाणी तिकडे ओढलं जातं, आणि मेंदू तहान लावतो. पाणी कमी झालं म्हणूनच तहान लागते असं नाही, मीठ जास्त झालं म्हणूनही लागते."

निळ्यानं त्या लुळ्या चकतीला बोट लावून पाहिलं. "आणि एखाद्याच्या जेवणात मीठच नसेल, तरी तो तहानेनं तडफडत असेल तर?"

बाई म्हणाल्या, "तर बहुतेक ते त्याला कुठूनतरी मिळतंय, काका."

तो घरी आला तो थेट रंगाच्या छपरीत गेला. लाल-पिवळ्या रंगांच्या कढईत मीठ घालावंच लागतं. त्याशिवाय रंग पाणी सोडून कापडात शिरत नाही. त्यासाठी भिंतीशी मिठाचं पोतं असायचं. त्याच्या हाताला लागेल त्या उंचीवर पोत्याचं तोंड त्यानं दुमडून ठेवलेलं होतं. पण खालच्या बाजूला, खाली बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल अशा जागी, शिवण उसवली होती. आतल्या मिठात बोटाएवढा खड्डा होता, आणि त्याची कड ओलसर होती.

तो तिथेच पोत्याला टेकून बसला.  मग उठून आत गेला.

ताई भिंतीला पाठ लावून बसली होती. त्याच्या हाताला लागलेलं मीठ तिला दिसलं. तिनं नजर चुकवली नाही.

"कापडाला ओंजळीनं घालतोस," ती म्हणाली. "मला चिमूटभर नको?"

"ताई..."

"बोलू नकोस. तुझ्या हातचं जेवण लाकूड चघळल्यासारखं लागतं. चांगलं करतोस, पण लाकूडच. जन्मभर त्या मिठात हात घातले मी. म्हातारपणी जिभेवर दोन कण ठेवले, तर एवढा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही ग." तो तिच्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी हौदापाशी बसायचा तसा. "मीठ कढईत कशाला घालायचं, ते मला कुणी शिकवलं?"

"मीच. दुसरं कोण होतं?"

"काय होतं त्यानं?"

"रंग ओढून कापडात धरून ठेवतं. मूर्खासारखं विचारतोस."

"तुझ्या अंगात ते पाणी ओढून धरतं. बाहेर जायची वाट नाही, म्हणून ते पायात बसतं, मग छातीत. आणि जीभ आणखी पाणी मागते. तहान तुझी नाही ताई, मिठाची आहे." तो म्हणाला. "त्या वेळी मी पाजलं. तांब्यावर तांबे. मोरी तुंबलीय हे मला ठाऊक नव्हतं. तू माझं नाव घेतलं नाहीस."

ताई त्याच्या निळ्या बोटांकडे बघत राहिली. "काय घेणार? धुणं मीच शिकवलं होतं."

बाहेर इस्त्रीवालीच्या दुकानातून वाफेचा फुस्स आवाज आला. 

"पोतं उचलून माळ्यावर टाकतो," तो शेवटी म्हणाला.

"नको. मी काय उंदीर आहे? राहू दे तिथंच. शिवण तेवढी घाल." ती म्हणाली. "आणि मी तिकडे गेले, तर ओरडू नकोस. नुसता येऊन उभा राहा."

तो उठू लागला. सवयीनं त्यानं खुणेचा पेला भरला, कोनाड्यात ठेवायला वळला.

"तिथे नको," ताई म्हणाली. "इकडे दे. माझ्या हातात."

त्याचा हात अडला. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला नाही. सुजलेला, कातडी ताणून चकाकणारा, बोटांच्या टोकांना अजून मिठाची पांढरी पूड असलेला. त्यानं आधी ओल्या फडक्यानं ती बोटं पुसली, एकेक करून. मग पेला तिच्या तळव्यावर ठेवला, आणि आपला हात तिच्या हाताखाली तसाच धरून ठेवला.

तिनं आत डोकावून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"पूर्वी तांब्या भरून द्यायचास."

"पूर्वी येत नव्हतं मला."

तिनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, सावकाश गिळला. मग दुसरा. तो पेल्यातल्या ओरखड्याकडे नाही, तिच्या गळ्याकडे बघत होता.