गुप्ते पॅक करतो

पत्त्यांच्या अड्ड्यावर चिंचोके येतात आणि जातात, किस्से मात्र साठतच जातात. आमच्या अड्ड्याची अडचण एवढीच, की प्रत्येक किश्श्याचा हिरो एकच. गुप्ते!

दर रविवारी दुपारी मांजलपूरला कीर्तिभाईच्या फ्लॅटवर आमचा पोकर चालतो. सगळे एकाच कारखान्यातले. पैसे लावत नाही, नुसते चिंचोके. तरी जळायचं ते जळतंच!

*

गुप्ते पानं बघतो आणि म्हणतो, "पॅक." म्हणजे डाव सोडला. पुढच्या डावाला पुन्हा "पॅक."

एकदा कीर्तिभाई त्याच्या गुजरातीत वैतागला. "अरे यार, तू रमवा आव्यो छे के भजिया खावा?"

गुप्ते म्हणाला, "चांगली पानं येईपर्यंत भजीच चांगली!"

चहा येण्याआधी तो फक्त एक डाव खेळला. आमचे निम्मे चिंचोके त्याच्याकडे!

*

म्हटलं, यात काय मोठंसं? आपणही धीर धरू. पुढच्या रविवारी मीही पॅक, पॅक, पॅक. शेवटी हातात दोन राजे आले! चेहरा अगदी कोरा ठेवला आणि सगळे चिंचोके पुढे सरकवले.

सगळ्यांनी पटापट "पॅक" म्हणत पानं टाकली.

"अरे, का?" मी जवळजवळ ओरडलोच.

गुप्ते म्हणाला, "दुपारपासून लोळत होतास. आत्ता एकदम ताठ बसलास!"

*

एकदा मात्र देवाने ऐकलं. गुप्तेकडे एक्क्यांची जोडी, कीर्तिभाईकडे नुसता कचरा. आणि अगदी शेवटचं पान कीर्तिभाईला लागलं! गुप्तेचा ढीग साफ.

आता हा चिडणार, पुढच्या डावात वेड्यासारखा लावणार, म्हणून मी सरसावून बसलो.

"मस्त खेळलास," तो कीर्तिभाईला म्हणाला. नवी पानं उचलली, बघितली. "पॅक."

हरला तो, आणि जेवण माझं गेलं नाही!

*

घरीही सुटका नाही. "गुप्ते भावोजी बघा किती शांत असतात!" हे बायकोचं पालुपद. शेवटी एका रविवारी मी तिला घेऊनच गेलो. म्हटलं, लुटू दे त्याला हिलाही, मग कळेल!

थोड्याच वेळात मोठा डाव रंगला. बाकी सगळे पॅक, उरले गुप्ते आणि ती. तिने सगळे चिंचोके पुढे सरकवले आणि ताटातलं भजं उचललं. गुप्ते तिच्याकडे बघत राहिला. खूप वेळ. मग त्याने राण्यांची जोडी उताणी टाकली. "पॅक, वहिनी."

तिने आपली पानं उलटली. दुर्री आणि सत्ती. ब्लफ!

गुप्तेने चक्क हात जोडले. "वहिनी, चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. कुठे शिकलात?"

"संसारात," ती म्हणाली.

सगळे खो खो हसले. मीच सगळ्यात जास्त. शेवटी गुप्तेला कोणीतरी पाडलं होतं!

स्कूटरवरून घरी, हरणीला परतताना, एअरपोर्टच्या सिग्नलला थांबल्यावर मी मान वळवून विचारलं, "काय गं, मी सकाळी करतो तो उपमा तुला खरंच आवडतो ना?"

"हो, खूप," ती म्हणाली.

मी आरशात तिचा चेहरा पाहिला. एक रेघ हलली नाही!