एलोजीकाकांचा शनिवार

शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की एलोजीकाका हातातलं काम जिथल्या तिथे टाकायचे, पाना उचलायचे आणि वर्कशॉपमधल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या तारा सोडवत फिरायचे. कुणाचं बॉनेट उघडं आहे, कुणाचा दिवा बाहेर लोंबतोय, फिकीर नाही. "उद्या हितं ठिणगीसुदीक पडाची नाय," म्हणायचे. त्यांच्या ज्यू समाजाची ओळखीतली घरं केव्हाच इस्रायलला गेली होती. पेणच्या त्या आळीत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून कामाला आणि विजेला हात न लावता शनिवार पाळणारे काका एकटेच उरले होते, आणि माझा जीव घ्यायला ते एकटे पुरेसे होते.

कारण मी धाटावला एका केमिकल कंपनीत होतो, राहायला रोह्याला, आणि माझी आठवड्याची सुट्टी नेमकी शनिवारी. इतर दिवशी शिफ्ट संपवून एसटीने पेण गाठेपर्यंत काकांनी दार ओढलेलं असे.

वडिलांच्या जुन्या गाडीत कॅसेट छान वाजत होती. ती काढून सीडी प्लेअर बसवायची दुर्बुद्धी मला काकांनीच दिली. मोडीत निघालेल्या एका परदेशी गाडीचा प्लेअर त्यांनी मुंबईहून मिळवला होता. "ह्यो बाजारातला नाय, कंपनीतून बसून आलेला हाय. तुज्या गाडीत बसवतू," म्हणाले. त्या दिवसांत सीडी म्हणजे मोठी अपूर्वाई. मी हो म्हणून बसलो.

डॅशबोर्ड करवतीने कापून झाल्यावर त्यांनी मला ॲसिडच्या कॅनमागे जपून ठेवलेलं एक पाकीट दाखवलं. त्यात एक सीडी होती, त्यांच्या लेकीने, रेचलने पाठवलेली. काकांनी सोबत यायला नकार दिला म्हणून ती चार वर्षांपूर्वी भांडून इस्रायलला गेली होती. तेव्हापासून एक पत्र नाही, आणि आता एकदम स्वतःच्या आवाजात बोलून पाठवलं होतं. जावई कॉम्प्युटरवाला, त्याचा हा उद्योग. "कागद धाडला असता तर वाचला असता," काका म्हणाले. दुकानात नेऊन चारचौघांत ऐकायची त्यांची तयारी नव्हती. म्हणजे म्हाताऱ्याला लेकीचं ऐकायचं होतं म्हणून माझा डॅशबोर्ड फाडला होता. मला संताप आला. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलणार काय?

त्या प्लेअरला दोन तारांतून वीज लागे. एक चावी फिरवल्यावर जागी होणारी, दुसरी थेट बॅटरीवरून कायमची, त्याची आठवण टिकवायला. ती सुटली की प्लेअर स्वतःला चोरीचा माल समजायचा आणि चार आकडी कोड मागत बसायचा. कोड काकांना तोंडपाठ. तो काही त्यांनी लिहून दिला नाही. आणि दर शुक्रवारी ते स्वतःच ती तार सोडवायचे.

एका शनिवारी गेलो तर प्लेअर डॅशबोर्डमध्ये ऐटीत बसलेला. काका पांढरा सदरा घालून ओटीवर बसले होते. मी बॅटरी जोडली, कोड विचारला. "शनवारी कामाचा बोलना नाय. जेवून जा, कालचा कोंबडीचा कालवण हाय," म्हणाले. मी चिडून मनानेच आकडे दाबले. तीनदा चुकले, आणि प्लेअर पार मुका झाला. काका ओटीवरून सगळं बघत होते. गाडी तिथेच ठेवावी लागली. मी कालवण मात्र जेवलो, कारण ते चांगलं होतं.

पुढेही गाडी मिळेना. फोन केला की काका म्हणायचे, कधी स्पीकर खरखरतो, कधी चौकट हलते. शेवटी कामावर दांडी मारून मी शुक्रवारी दुपारीच गेलो. काकांनी कोड घालून प्लेअर केव्हाच ठणठणीत केला होता. पाकीट मात्र कॅनमागे तसंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "काका, तुम्ही घाबरताय," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले. मग पाकीट घेऊन गाडीत बसले. मी निघालो तसे म्हणाले, "बस रे. एकट्यानं नाय आयकवत."

सीडी आत गेली. "बाबा," रेचलचा आवाज आला, "तुमी बरं हाव ना?" मग ती तिथल्या घराबद्दल बोलली, भांडणाबद्दल बोलली. राग आपण धरला हे तिने कबूल केलं, तुम्हीही कमी नव्हता हेही ऐकवलं. काका स्टिअरिंग धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. "आता माजा एक आयका, बाबा," ती म्हणाली, आणि काकांनी मान वळवून बाहेर बघितलं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. ते उठले, पाना घेतला आणि बॅटरीची तार काढली.

चार वर्षांनी लेक बोलायला लागली होती आणि या माणसाने तिला वाक्याच्या मध्येच बंद केलं. मी अक्षरशः ओरडलो. काका म्हणाले, "ती रागवाची नाय. तिलाव ठावं हाय आज कोन्ता दिस हाय." आणि दिवा लावायला आत गेले.

उरलेलं त्यांनी रविवारी ऐकलं असावं. काय होतं ते मला कधीच सांगितलं नाही. सोमवारी गाडी मिळाली. पुढे काही महिन्यांनी वर्कशॉप बंद करून काका लेकीकडे गेले. जाताना तिथला फोन नंबर दिला. कोड विचारायचं मला सुचलं नाही, द्यायचं त्यांना सुचलं नाही.

वर्षभराने बॅटरी मेली. रोह्यात नवी बसवली आणि प्लेअरने पडद्यावर पुन्हा कोड मागितला. मनातल्या मनात काकांचा उद्धार करत मी फोनबूथ गाठला आणि नंबर लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रिसीव्हर आपटणार तेवढ्यात आठवलं की आज मला सुट्टी आहे. म्हणजे शनिवार.

रिसीव्हर कानाला तसाच धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. तिकडे एका घरात फोन वाजत होता, आणि बाप-लेक दोघंही तो उचलत नव्हती.