शेवटचं पान दुकानात

लोणारच्या बसस्थानकासमोर रहेमतुल्लाचं पंक्चरचं दुकान आहे आणि त्याला चिकटून माझं झेरॉक्सचं. मधे नुसता एक पत्रा. त्यामुळे त्याच्या घरात काय शिजलं आणि माझ्या घरात काय करपलं, हे दोघांनाही जेवायच्या आधी कळतं.

रहेमत पासष्टीला आला. बोलायला लागला की समोरच्याची बस सुटते. पंक्चर मात्र असं काढतो की ट्यूब फाटेल पण ठिगळ निघणार नाही. हवा अजून हातपंपानं भरतो. उजवा खांदा दुखतो, म्हणून चार झटके मारले की थांबून "या अल्ला" म्हणतो आणि गिऱ्हाइकाला तेवढ्यात एक किस्सा ऐकवतो. हवेची मशीन घ्यायची, हे त्याचं कित्येक वर्षांचं स्वप्न. दर ईदला म्हणतो, "शंकरराव, या साली मशीन पक्की." मी म्हणतो, "हाव, अन् मीबी या साली विमान घेऊन राह्यलो."

पण मी सांगणार आहे ते पंक्चरवाल्या रहेमतचं नाही. त्याच टपरीत आधी त्याचं वाचनालय होतं. आडवी सुतळी बांधलेली, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी कॉमिक्स लटकवलेली, आणि चार आण्यात दिवसभर पुस्तक. बीबी गावापासून इकडच्या सगळ्या खेड्यांतली पोरं एसटीनं शाळेला लोणारात यायची, ती आधी सुतळीपाशी आणि मग शाळेत. मीही त्यातलाच.

सुरुवातीला पुस्तकं परत येईनात. खेड्यात गेलेलं पुस्तक गंगेला मिळालं समजायचं. कुणी अनामत ठेव म्हटलं, कुणी वहीत नावं लिही म्हटलं. रहेमतला ते पटलं नाही. पोराचं नाव वहीत लिहिलं म्हणजे आधीच त्याला चोर ठरवलं, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं एक युक्ती काढली. ब्लेड घेतलं आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान, शिवणीपाशी बोटभर पट्टी सोडून, कापून काढलं. ती सगळी पानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पुस्तक घरी न्या, पण शेवट दुकानात. पुस्तक परत आणलं की तो पान हातात द्यायचा. ते तिथंच उभं राहून वाचायचं, परत द्यायचं, आणि बाहेर कुणाला शेवट सांगायचा नाही, आईची शपथ!

पुस्तकं कशी धावत परत यायला लागली म्हणता! ताप अंगात असलेली पोरं यायची.

त्या धंद्याचा एक नियम मला फार महागात पडला होता. एकदा बस लागली होती म्हणून मी पुस्तक गल्ल्यावर टाकलं आणि पान न वाचताच पळालो. दुसऱ्या दिवशी यानं माझ्याकडून पुन्हा भाडं मागितलं.

"काऊन बे? पुस्तक तं काल देल्लं ना तुले!"

"पान वाचलं का?"

"नाई."

"मंग पुस्तक जमा कसं झालं? ज्यानं शेवट नाई वाचला त्याचा जीव पुस्तकातच हाये. म्हणजे पुस्तक त्याच्याचपाशी हाये. काढ चार आणे."

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे, पटकन चिडतो. पण पुस्तकासाठी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागलं, काय करता.

अशात एकदा 'उल्कावीर' आला. अंक पहिला. नागपूरकडच्या कुठल्याशा लहान छापखान्यानं काढलेला. हिरो आभाळातून उल्केवर बसून पृथ्वीवर येतो, निळी कापडं, छातीवर पेटता दगड. आता लोणारच्या पोरांना उल्केचं काय सांगायचं? आमचं तळंच उल्केनं केलेलं. शेवटून दुसऱ्या पानावर तो आगीच्या लोळासारखा खाली येतोय आणि खाली लिहिलंय, 'कुठे कोसळणार उल्कावीर?' पुढचं पान डब्यात. आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पडून पडून पडणार कुठं, आमच्याच तळ्यात. दहा-बारा जणांनी वाचून होत नाही तोच पुस्तक कुणीतरी नेलं आणि ते आलंच नाही. छापखान्याचे दोन अंक निघाले नि कुलूप लागलं. दुसरा अंक तर लोणारपर्यंत पोचलाच नाही.

पुढे गावात व्हिडिओ आला, मग केबल आली आणि सुतळी रिकामी पडली. रहेमतनं धंदा बंद करायचं ठरवलं तेव्हा वेड्यासारखं एक काम केलं. डबा उघडून एकेक पान खळीनं आपापल्या पुस्तकाला चिकटवलं आणि मगच ती रद्दीत घातली. म्हणे, अर्धं पुस्तक रद्दीलाही देऊ नये. डब्यात एकच पान उरलं. त्यावर तो कायम म्हणायचा, "माह्यं एकच पुस्तक बाहेर हाये." जसं काही कालच गेलंय.

गेल्या दिवाळीनंतर त्याची नात महनूर, जी कॉलेजला आहे आणि आजोबाला सरळ करणारी घरातली एकटीच आहे, तिनं त्या डब्याचा किस्सा मोबाईलवर जुन्या कॉमिक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. तासाभरात पुण्याहून फोन. प्रज्वल नावाचा मुलगा, कॉम्प्युटरमधली नोकरी आणि जुन्या कॉमिक्सचं वेड. तो म्हणाला, 'उल्कावीर'च्या पहिल्या अंकाच्या दोनच प्रती ठाऊक आहेत, त्याही फाटक्या, मुखपृष्ठ नसलेल्या. चांगली प्रत मिळाली, कापलेलं पान जोडून का होईना, तर तो अमुक इतके देईल. आकडा ऐकून रहेमत स्टुलावर बसला. हवेची मशीन, वर दुकानाला नवा पत्रा, आणि तरी उरतील इतके. नुसत्या पानाचं काय देता विचारलं, तर म्हणाला, "काका, नुसतं झाकण घेऊन मी काय करू?" तरी रविवारी येतो म्हणाला.

पण पुस्तक कुणाकडे? वही नव्हती, नाव नव्हतं. महनूर म्हणाली, त्या पानाचा फोटो काढून सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकू. रहेमत एकदम उसळला.

"पान फुकट दाखवाचं नाई! शेवट वाचून घेतला तं पुस्तक घेऊन कोण येईन?"

"दादाजी, इतक्या वर्षांनी?"

"कितीबी वर्षं होवो. उसूल म्हणजे उसूल."

शेवटी नुसता निरोप गेला: ज्याच्याकडे 'उल्कावीर' अंक पहिला असेल त्यानं आणून द्यावा, शेवटचं पान अजून दुकानात आहे. आणि मग काय, लोकांची रीघ! एकजण फवारणीच्या औषधाचं पुस्तक घेऊन आला, त्यावर पिळदार दंडाचा माणूस होता म्हणून. अमडापूरचा एकजण नुसताच आला, पुस्तक घरी आहे म्हणाला. रहेमतनं विचारलं, "शेवटून दुसऱ्या पानावर काय हाये?" तो म्हणाला, "हिरोचं लग्न." त्याला चहा पाजून परत पाठवला. चहा माझ्या नावावर.

रविवार उजाडला. प्रज्वल सकाळीच येऊन दाखल झाला, पांढरे हातमोजे घेऊन. पुस्तक नाहीच म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. आम्ही त्याला तळं पाहून ये म्हणत होतो, तेवढ्यात बीबीकडून आलेल्या एसटीतून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात सीताफळांची थैली. सरळ टपरीपाशी आल्या.

"रहेमतभाई, मी मंजुळा. नववीत होती तवा पुस्तक नेलं होतं. सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलं. जमा कराले आली."

थैलीतून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक निघालं. वर शाळेची चिठ्ठी, 'भूगोल'. वडलांना कळू नये म्हणून घातलेलं ते कव्हर. प्रज्वलनं हातमोजे चढवून ते काढलं आणि आत उल्कावीर असा लखलखत होता की जणू कालच छापलाय. पोरगं एकेक पान उलटून पाहायला लागलं.

रहेमतला मात्र पुस्तकापेक्षा दुसराच राग होता. "काऊन नाई आणलं बाई? साऱ्या तालुक्याचे पोरं आले परत. तुमाले शेवट नाई पाह्याचा होता?"

मंजुळाबाई हसल्या. "पाह्याचा होता ना! दर बाजाराले तुमच्या दुकानापुढून जाऊन राह्यली होती मी. पण शेवट वाचला असता तं पुस्तक द्या लागलं असतं. मले पुस्तक पाहिजे होतं. माही शाळा सुटली, लग्न झालं, घरात वाचाले दुसरं काई नोतं. मंग म्हटलं, शेवट राहू दे तुमच्यापाशी."

रहेमत कपाळावर हात मारून हसायला लागला. त्याची युक्ती सगळ्या तालुक्याला पुरून उरली होती. एका नववीतल्या पोरीनं ती हाणून पाडली होती, आणि त्याला पत्ता नव्हता!

"मंग इतके वर्षं शेवटाविनाच?"

"शेवटाविना कायले? मी केला ना! लेकराईले सांगितला, आता नातीले सांगतो. उल्कावीर आपल्या तळ्यात पडला. पाणी खारं काऊन झालं, तं त्याच्या अंगची आग विझली म्हणून. अजून हाये तो खाली. आमच्या गल्लीतल्या कोणत्याबी लेकराले विचारा. तळ्यावर आले की हाका मारतात त्याले."

मी आणि रहेमतनं एकमेकांकडे पाहिलं. आता इथं मी आईची शपथ मोडतो, तिनं माफ करावं. ते पान मी वाचलेलं आहे. उल्कावीर मुंबईच्या समुद्रात पडतो. मुंबईच्या! उल्केसाठी देवानं इथं एवढं तळं करून ठेवलंय आणि हा शहाणा थेट चौपाटीला! ते वाचून मी गल्ल्यावरच रडलो होतो. माझ्यानंतरचा एक तर रहेमतला शिव्या देऊन गेला होता. तेव्हा आमच्या सगळ्यांची तोंडं रहेमतनं पाहिली होती.

त्यानं डबा काढला, पान हातात घेतलं, पालथं धरून. "घ्या. वाचा."

मंजुळाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. पुस्तक घ्या तुम्ही, तुमचंच हाये ते. पान नको. तो पडला कुठं ते मले सांगू नका."

"मावशी, एकच तर पान आहे," प्रज्वल म्हणाला. त्याच्या मांडीवर पुस्तक होतं आणि खिशात पैशाचं पाकीट. मलाही वाटलं, बाई पुस्तक देताहेत तर रहेमत घेऊन टाकेल. त्या वाचोत न वाचोत, आपल्याला काय? मशीन येईल, नवा पत्रा येईल, मला मटण मिळेल. मी त्याला कोपरानं ढोसलंसुद्धा.

रहेमतनं ते पान डब्यात टाकून झाकण लावलं.

"मंग बाई, पुस्तक जमा नाई होत."

"म्हणजे?"

"दुकानाचा नियम हाये. पान वाचल्याबिगर पुस्तक जमा होत नाई. या शंकररावले विचारा, त्याच्याजवळून दोनदा भाडं घेतलं मी. शेवट वाचला नाई, म्हणजे पुस्तक तुमच्यापाशीच हाये. घेऊन जा."

"अन् हे साहेब पुण्याहून आले ते?"

"त्याईले सीताफळं देऊ."

मी मनातल्या मनात त्याला शंभर शिव्या घातल्या. आणि खरं सांगतो, त्याच वेळी मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मंजुळाबाईंनी पुस्तकाला पुन्हा भूगोलाचं कव्हर घातलं, प्रज्वलच्या हातून घेताना त्याच्या गालावरून हात फिरवला, सीताफळांची थैली गल्ल्यावर भाडं म्हणून ठेवली, आणि बीबीच्या बसमध्ये जाऊन खिडकीशी बसल्या. महनूर डोळे पुसत मोबाईलवर काहीतरी लिहीत होती.

प्रज्वल भला पोरगा. चिडला नाही, पण सीताफळ हातात धरून नुसता बसला होता. "काका, त्या आपणहून देत होत्या. तुम्ही का नाही घेतलं? इतकी दुर्मिळ प्रत पुन्हा मिळणार नाही."

रहेमतनं एका मोटारसायकलला पंप लावला. चार झटके मारले, "या अल्ला" म्हणून खांदा चोळला. मी उठलो, पंप त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः मारायला लागलो.

"साहेब," रहेमत म्हणाला, "मुंबईत पडलेला उल्कावीर तुमाले भेटन कुठंतरी, शोधा. लोणारात पडलेला साऱ्या जगात एकच हाये, अन् तो आत्ता बीबीच्या गाडीत बसून गेला."