जांभई देणारा पैलवान

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तालमीत गुरुबसप्पाला पाडणारा कुणी उरला नव्हता. सकाळी मातीत उतरला की दोघातिघांना एकदम अंगावर घ्यायचा, आणि मग आंघोळ करून सात रस्त्यावरच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला हजर. स्वभावानं गरीब, बोलायला मऊ, मान मात्र खांबासारखी.

पण जत्रेचं मैदान आलं की या माणसाला जांभया सुटायच्या.

साध्यासुध्या नव्हेत. हलगी कडाडली, पुकारणाऱ्यानं 'सोलापूरचा गुरुबसप्पा' म्हटलं, की त्याचा जबडा आपोआप उघडायचा. लोकांना वाटायचं, केवढा माज चढलाय! "अरं, गादी आणा रं ह्याला!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळं मैदान हसायचं. समोरचा पैलवान अपमानानं लाल होऊन धावून यायचा. बार्शीकडच्या एका जत्रेत तर जांभई पुरती मिटायच्या आतच गुरुबसप्पा आभाळाकडं बघत पडला होता.

मडिवाळप्पा वस्तादांनी सगळे उपाय करून पाहिले. दाढेखाली लवंग ठेवली, डोक्यावर गार पाणी ओतलं, एकदा तर कच्चा कांदा चावायला लावला. त्यानं जांभई थांबली नाही, फक्त समोरचा पैलवान मागं सरकला.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात माढ्याजवळच्या एका गावाकडून जत्रेच्या कुस्तीचं बोलावणं आलं. जोड होता त्याच गावचा कोंडीबा, पंचक्रोशीत कधी न हरलेला. वस्तादांनी होकार दिला आणि त्या दिवसापासून गुरुबसप्पाचं जेवण निम्म्यावर आलं.

त्याची बायको चंद्रव्वा अक्कलकोटकडची. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. भाकरी वाढता वाढता तिनं सरळच विचारलं, "काय ओ, तालमीत तर जांभई येत न्हाय. मग तितं काय हुतंय?"

गुरुबसप्पानं भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाला, "कोंडीबाचं भ्या न्हाय गं. नाव पुकारत्यात ना, त्याचं भ्या वाटतंय. कुणी मोठा पैलवान येणार म्हणून सगळी वळून बघत्यात, आन येतोय कोण? मी!"

चंद्रव्वाला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. "मग नावाचीच सवय करू की," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा दूध आणायला तांब्या घेऊन निघाला, तर दारात चंद्रव्वा उभी. एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात लाटणं. तिनं डबा दणादणा बडवला आणि पुकारा केला, "आता येत आहेत, सोलापूरचे नामांकित पैलवान..."

आणि तिथंच तिची गाडी अडली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही पदरात तोंड लपवून. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि पुकारा पुरा केला, "...आमचे हे!"

समोर रंभाबाई सडा घालत होती. तिला इतकं हसू आलं की बादली आडवी झाली. "अगं, आमचे हे असं कुटं पैलवानाचं नाव असतंय व्हय? सर बाजूला, मी घेते." रंभाबाईचं बालपण माढ्याकडं शेतात गेलेलं. ज्वारीवरची पाखरं हाकलून हाकलून आवाज असा तयार झालेला की भोंग्याची गरज नाही. तिनं कमरेवर हात ठेवले.

"सोलापूरचाऽऽ गुरुबसप्पाऽऽऽ!"

कौलांवरची कबुतरं उडाली. बोळातली दारं पटापट उघडली. आणि गुरुबसप्पानं तांब्या हातात धरून जी जांभई दिली, ती बघायला शेजारच्या पोरी गॅलरीत धावल्या.

मग काय, पेठेला खेळच मिळाला. गुरुबसप्पा दिसला रे दिसला की पुकारा! न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवला की न्हावी वस्तरा उंचावून नाव घ्यायचा. मागावर बसलेले तेलुगू विणकर आतूनच ओरडायचे, "गुरुबसप्पा वच्चाडु!" म्हणजे आला रे आला! कोपऱ्यावरचे चहावाले चाचा म्हणायचे, "हटो रे, हमारे पैलवान आरे!" सात रस्त्यावर त्यानं हवा भरायचा पंप उचलला तरी दुकानाचा मालक पुकारायचा आणि टांगेवाले टाळ्या वाजवायचे.

पहिले काही दिवस दर पुकाऱ्याला जबडा उघडला. मग अर्धाच उघडू लागला. मग जांभईऐवजी ओठांवर हसू यायला लागलं. शेवटी शेवटी तर गडी एवढा सरावला की दुधाचा तांब्या डोक्यावर धरून चारी दिशांना सलामी देऊ लागला. एका सकाळी कुणाचंच लक्ष गेलं नाही, तर बोळाच्या तोंडाशी उभा राहून घसा खाकरू लागला.

जत्रेच्या दिवशी ट्रक भरून पेठ निघाली. मैदानात बायकांना बसायची चाल नव्हती, म्हणून चंद्रव्वा आणि रंभाबाई कडेला लावलेल्या ट्रकच्या टपावर चढून बसल्या. पुकारणाऱ्याचा घसा सकाळपासून ओरडून बसलेला. कोंडीबाचं नाव त्यानं कसंबसं घेतलं. मग हातातल्या चिठ्ठीकडं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "सोलापूरचा... गुरूबापू!"

गुरुबसप्पा जागीच थांबला. इतक्या दिवसांची सवय आपल्या नावाची होती, गुरूबापूची नव्हती! हजारो माणसं वळून बघू लागली. जबडा पुन्हा हलला.

टपावरून चंद्रव्वानं ते बघितलं. ती ताडकन उठली. मागचापुढचा विचार नाही, सासरमाहेर नाही.

"गुरूबापू न्हाय ओ! गुरुबसप्पा! माझ्या नवऱ्याचं नाव गुरुबसप्पाऽऽ!"

हलगी थांबली. पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आयला, बायकूनं नवऱ्याचं नाव घेतलं की रं!" आणि हास्याचा असा लोट उठला की पंचांनाही उपरणं तोंडाला लावावं लागलं. चंद्रव्वा जीभ चावून, पदरात तोंड घालून मटकन खाली बसली.

गुरुबसप्पा हसत सुटला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या हसण्यात जांभई कुठं विरघळली कळलंच नाही. कोंडीबाही हसत पुढं आला. हातात हात देत म्हणाला, "वैनीनं आदीच मैदान मारलं. आता आपुन दोघं काय करायचं?"

"कुस्ती खेळू की," गुरुबसप्पा म्हणाला.

आणि लई खेळले. कोंडीबानं त्याला दोनदा खाली घेतलं, मान दाबली, नाकातोंडात लाल माती गेली. गुरुबसप्पाला आता ना माणसं दिसत होती, ना हलगी ऐकू येत होती. हाताखाली फक्त एका तगड्या गड्याचं वजन होतं, आणि ते वजन त्याच्या ओळखीचं होतं. कोंडीबाचा हात सापडताच त्यानं गर्रकन पाठ फिरवली, हात खांद्यावरून ओढला आणि धोबीपछाड मारली. कोंडीबाची पाठ मातीला टेकली.

मडिवाळप्पा वस्ताद आयुष्यात कधी नाचले नव्हते. ते त्या दिवशी नाचले, आणि धोतर सावरायचंही त्यांना सुचलं नाही.

पुढं गुरुबसप्पानं बरीच वर्षं मैदानं केली. काही मारली, काही हरला. कोंडीबाशी मात्र अशी दोस्ती जमली की दर हिवाळ्यात तो हुरडा घेऊन पेठेत यायचा आणि मुक्काम ठोकायचा.

त्या जत्रेच्या दिवशी कोंडीबाच्या गावानं गुरुबसप्पाला फेटा बांधला आणि ट्रकमध्ये उसाच्या मोळ्या टाकल्या. परतीच्या वाटेवर सगळे ऊस सोलत, गात होते. कुणी कानडी, कुणी तेलुगू, कुणी मराठी, आणि सगळी गाणी एकदमच. फेटा बांधलेला गुरुबसप्पा मधोमध, शेजारी लाजून लालबुंद झालेली चंद्रव्वा. बांधावरच्या एका शेतकऱ्यानं कपाळावर हात धरून ओरडून विचारलं, "कुणाची वरात हाय वं?"

"आमचीच!" रंभाबाई ओरडली. "चला, बसा की तुमीबी!"