खाली उतरलेला किल्ला

डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा समोरच्या डोंगरावर धरायचा आणि गर्जायचं, "जागा पाहावी तर वरची!" सुभेदारांची ही गर्जना कंपूच्या छावणीत झाली की पार पलीकडे मुरारच्या छावणीतल्या घोड्यांचे कान उभे राहत. खोटं वाटत असेल तर घोड्यांना विचारा.

सुभेदार आमच्या ग्वाल्हेरच्या संस्थानी फौजेतले. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, आणि हा ताडमाड माणूस मिशांसकट रिकामा झाला. मिशा अशा, की दोन्ही टोकांवर एकेक पोपट निवांत झोपावा. तेव्हा आम्ही काही शेजाऱ्यांनी डोंगरातल्या वस्त्यांवर शाळा बांधायचं मंडळ काढलं होतं. उत्साह उदंड, पण थापी कुठल्या बाजूनं धरतात हे एकालाही ठाऊक नाही. सुभेदार आपण होऊन आले.

"फौजेत बुरूज बांधलेत मी. शाळा म्हणजे काय हो, बिनतोफेचा बुरूजच की!"

निघालो. आमची छोटी रेलगाडी इतकी सावकाश, की चढताना मुंज झालेला मुलगा उतरेपर्यंत लग्नाला येई. पुढे बैलगाडी, त्याच्यापुढे पाय. वस्ती होती ओढ्याकाठी. सुभेदारांनी अंगठा धरला आणि जागा नक्की केली ती थेट डोंगराच्या माथ्यावर.

वस्तीतली एक म्हातारी होती, सगळे तिला अम्मा म्हणत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काए सूबेदार, चीलों को पढ़ाओगे?"

"अम्मा, कल को दुश्मन आ गया तो?"

"दुश्मन? इहाँ तो पटवारी तक नहीं आता!"

घारी सोडून तिथं कुणी चढणार नाही, हे सगळ्या वस्तीला दिसत होतं. न दिसणारा एकच, आणि त्याचा एक डोळा मिटलेला! पण माणूस असा लाघवी, की लोक हसत हसत दगड वर चढवत गेले. शाळा झाली देखणी. दगडी भिंती, वर फरश्यांचं छप्पर. वस्ती तिला 'किला' म्हणू लागली. वारा मात्र असा, की पहिल्याच दिवशी फळ्यावरचा 'अ' उडाला तो अजून सापडलेला नाही. मुलं सकाळी ओढ्याचं पाणी भरायची, मग शेरडं राखायची. डोंगर कोण चढणार? शाळेत येऊन बसल्या त्या घारीच.

अशात शिक्षणखात्याचा निरोप आला. दिवाळीनंतर साहेब पाहणीला येतील. मुलं शिकायला बसलेली दिसली तर वस्तीला मास्तर मिळेल, नाहीतर तो दुसऱ्या गावी जाईल.

"सुभेदार, शाळा खाली घ्या," मी म्हटलं.

"अहो, आमचे पणजोबा दक्षिणेतून इथवर किल्ले चढत आले. वर चढवलेला दगड आमच्या घराण्यात कुणी खाली आणलेला नाही!"

झालं. मिशांचे पोपट उडाले, सुभेदारांनी अबोला धरला.

त्याच सुमारास नवं राज्य झालं आणि आमची राजधानी भोपाळला निघाली. आधी निदान हिवाळ्यात राजधानी आमची नि उन्हाळ्यात इंदूरची, अशी वाटणी होती. आता सगळंच गेलं. कचेऱ्यांची कपाटं ट्रकांवर चढत होती आणि आमचं अर्धं लष्कर शहर रस्त्याकडेला उभं राहून उसासे टाकत होतं. सुभेदार माझ्या शेजारी होते. शेवटचं कपाट चढलं. मग मिशीला हात लावून म्हणाले, "एवढी राजधानी उतरली हो! आणि मी एका शाळेला अडून बसलोय? चला, दोर घ्या."

छपरावरची पहिली फरशी त्यांनी स्वतः काढली. माथ्यापासून ओढ्यापर्यंत सगळी वस्ती रांगेनं उभी राहिली आणि दगड हातोहात उतरू लागले. खाली अम्मा प्रत्येक दगडाला विचारत होती, "आ गए महाराज? घूम आए?"

आणि साहेब नेमके मधेच उगवले! ओढ्याकाठी नव्या भिंती कमरेइतक्या, वर आभाळ, आत मात्र पोरं खच्चून भरलेली.

"इमारत कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

सुभेदारांनी खाडकन सलाम ठोकला. "उतरतेय साहेब. अर्धी वाटेत आहे."

साहेबांनी वर पाहिलं. डोंगरभर माणसं, प्रत्येकाच्या हातात शाळेचा एकेक दगड. त्यांना हसू आवरेना. अम्मानं दिलेले भाजलेले भुईमूग खाल्ले, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि उठता उठता म्हणाले, "मास्तर पाठवतो. तेवढं छप्परही पोचू द्या."

पुढे सुभेदारांनी कितीतरी वस्त्यांवर शाळा बांधल्या, सगळ्या पाण्याजवळ. अंगठा धरायचे डोंगरावरच, "जागा पाहावी तर वरची!" म्हणायचे, आणि मग मुकाट्यानं ओढ्याकडे चालू लागायचे.

आता ते नाहीत. मुरारचे घोडे बिनघोर झोपतात.

परवा त्या वस्तीवर गेलो होतो. माथ्यावर जुना चौथरा उरलाय, त्यावर घारी बसतात. वस्तीच्या वरच्या अंगाच्या एका घरातून पाटी घेऊन एक चिमुरडी बाहेर पडली. विचारलं, "कहाँ चलीं बिटिया?"

"किले पे," ती म्हणाली, आणि उड्या मारत उतारावरून खाली ओढ्याकडे पळाली.