सातशे साठ वॉट

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मोजल्याशिवाय काही पटत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "शेगडी तापत नाही, कॉइल गेली असणार," की त्या म्हणणार, "निदान तुम्हीच केलंत, मग माझ्याकडे कशाला आलात?" मग शेगडी चालू करायची, एका मीटरवर व्होल्ट बघायचे, दुसऱ्यावर अँपिअर आणि पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी खरडायच्या. व्होल्टला अँपिअरने भागलं की कॉइलचा रोध कळतो, गुणलं की ती किती वॉट खाते ते कळतं. बाजारात त्यांचं नाव 'भागाकारबाई' पडलंय. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

दुकान माझ्या नवऱ्याचं. म्हणजे वायरमनचा परवाना त्याचा, खुर्ची त्याची आणि काम सगळं जाऊबाईंचं. नऊ वर्षांपूर्वी त्या वायरी आवरायला म्हणून आल्या आणि तिथल्याच झाल्या. काम संपलं की दाखला लिहायचा, त्यावर 'काम करणाऱ्याचं नाव' म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव घालायचं आणि त्याच्यापुढे सहीला सरकवायचा. तो सही मात्र झोकात करतो.

यंदा त्याने कारखान्यात नोकरी धरली. परवाना त्याच्याबरोबर जाणार, म्हणजे जाऊबाईंना स्वतःचा मिळाला नाही तर दुकानाला कुलूप. आणि परीक्षेत त्या दोनदा आपटलेल्या. पहिल्या वेळी व्याख्या विचारली तर तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या वेळी त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच सांगितलं, की तुमच्या बोर्डाची अर्थिंगची वायर सुटलीये. ती सुटलेलीच होती, पण साहेब ते ऐकायला बसले नव्हते.

तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून जो येई तो हेच सांगे, "तीच जुनी शेगडी आहे, वॉटची पाटी खरवडलेली. मोजत बसू नका, हजार वॉट लिहा आणि मोकळे व्हा. दरवर्षी हजारच असतं."

मी जाऊबाईंचा हात धरला. "पाया पडते तुमच्या, आज तेवढं हजार लिहा."

"बघू," त्या म्हणाल्या. बाकीचं जग टाळायला 'बघू' म्हणतं, या खरोखरच बघतात.

दार उघडंच होतं. मी जिवाचा कान करून ऐकत होते. आत बराच वेळ नुसती पेन्सिल चालली. मग साहेबांचा आवाज आला, "सातशे साठ? बाई, ही शेगडी हजार वॉटची आहे."

"हजार ही तिची ऐपत झाली, साहेब. दोनशेतीस व्होल्ट मिळाले तर देईल. तुमच्या खोलीत आत्ता दोनशेच येताहेत, आणि ती घेतेय तीन पॉइंट आठ अँपिअर. गुणा की. सातशे साठच येतात."

"मग कॉइल खराब असेल."

"नाही हो. दोनशे भागिले तीन पॉइंट आठ, साधारण त्रेपन्न ओहम. कॉइल ठणठणीत आहे. आता दोनशेतीसला त्रेपन्नाने भागा, चार पॉइंट तीनच्या जरा वर अँपिअर येतात. त्याला परत दोनशेतीसने गुणलं की तुमचे हजार, दोन-चार इकडेतिकडे. तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त आजचं नाही."

झालं, मी मनात म्हटलं, बाईंनी पुन्हा साहेबांना शिकवलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बाहेर तुम्हाला कुणी उत्तर सांगितलं नाही?"

"सांगितलं की. माझ्या जावेने तर पायच धरायचे बाकी ठेवले होते. पण मग तुम्ही हे दोन मीटर कशाला ठेवलेत?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब मीटरवर वाकलेले दिसत होते. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी काटा दोनदा बघितला. "सहा वर्षं मी ही परीक्षा घेतोय," ते म्हणाले, "मीही याच्याकडे बघितलं नव्हतं." आणि त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली.

तीन आठवड्यांनी परवाना आला. नवरा तोपर्यंत कारखान्यात रुजू झाला होता. पहिलंच काम एका बेकरीच्या भट्टीचं निघालं. ते उरकून जाऊबाई दाखला लिहायला बसल्या, मी शेजारी चहा गाळत होते. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला.

"अगं, हे काय लिहिलं मी?"

मी वाकून बघितलं. 'काम करणाऱ्याचं नाव' या रकान्यात, गोल सुबक अक्षरात, माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

नऊ वर्षं मी ते नाव त्या रकान्यात बघत आले आणि मला ते कधी खुपलं नाही, कारण ते माझ्या घरातलं होतं. त्या दिवशी खुपलं. लाज वाटली मला.

"दुसरा कागद दे," त्या म्हणाल्या. मी दिला. स्वतःचं नाव त्यांनी हळूहळू लिहिलं, आणि ते अक्षर मुळीच सुबक आलं नाही.