पालथी रेघ

वहिनी छापखान्यात आखणी करायच्या. पावत्यांचे रकाने, तक्ते, चौकटी. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर तिथेच फिल्मवरून प्लेटा काढायचा. दिवसभर उभी रेघ, आडवी रेघ. घरी एकच खोली, मधे पडदा, पडद्यापलीकडे सासूबाईंचा खोकला.

रद्दी कागदांच्या पाठीवर मात्र त्या तिरकी रेघ काढत. ना फूल, ना पान. डावीकडे खालून निघायची आणि उजवीकडे वर जायची.

“हे काय, जिना आहे का?” सासूबाई विचारत.

“जिन्याला कठडा असतो, आई. ही नुसतीच वर जाते.”

“मग पडेल.”

एकदा धुण्याच्या पावडरीच्या पुड्याचं काम आलं. मालक म्हणाले, “बाई, या खेपेला तुमच्या मनासारखं होऊ द्या. पुडा खपला तर रकान्यांतून सुटका. खिडकीजवळचं टेबल तुमचं.”

वहिनींनी पांढऱ्या पुड्यावर एकच निळी रेघ टाकली. डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून ती चढती दिसायची. कुठे जाड, कुठे बारीक, यातच आठवडा गेला. त्या नादात एक राहून गेलं. प्रत्येक रंगाची पारदर्शक फिल्म वेगळी असते. अक्षरांची फिल्म पालथी पडली तर लगेच कळतं. नुसत्या रेघेला पाठपोट नसतं. म्हणून अशा फिल्मच्या कोपऱ्यात वहिनी बारीकसा ‘क’ लिहीत; तो सुलटा दिसला की फिल्म सुलटी. या खेपेला लिहिलाच नाही. दिराने फिल्म ठेवली, ती नेमकी पालथी.

पुडे छापून आले. रेघ डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली घसरत होती.

दीर कान पकडून उभा. “वहिनी, ओरडा हवं तर. पण ‘क’ कुठे होता?”

पुडा हातोहात खपला. वहिनी मालकांकडे गेल्या. “रेघ उलटी छापली गेलीय. पुढच्या खेपेला सुलटी करते.”

“अहो, हात लावू नका! पावडर कशी भसाभस ओतल्यासारखी वाटते, दुकानदार खूश आहेत. आता आपल्या सगळ्या पुड्यांवर हीच रेघ. अशीच.”

“एखाद्यावर तरी चढती...”

“बाई, टेबल मिळालं ना?”

टेबल मिळालं. खिडकीला लोखंडी जाळी होती. उभ्या सळ्या, आडव्या सळ्या.

“वहिनी, ऐट आहे बुवा आता!” दीर म्हणाला. त्या हसल्या.

मग त्यांनी आरपार दिसणारा पातळ कागद पसरला. पेन वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं. हात हलेना. पेन खालच्या डाव्या कोपऱ्यात आणलं आणि रेघ एका दमात वर नेली.

मग कागद उचलून पालथा घातला, कोपऱ्यात बारीकसा ‘क’ लिहिला आणि दिराला हाक मारली.